ईएफ म्हणजे हृदयाचं पंपिंग ६२ टक्के आहे, तरी बीपीची गोळी काऊन?

धुऱ्यावरचा
नमस्कार मंडळी. वय ३४, पांढरकवड्याच्या बाजूले गाव, वावर आहे अन् जोडीले कृषी केंद्राचं दुकान. गावात तपासणीचा कॅम्प आला होता तं आशाताईनं धरूनच बसवलं, बीपी निघालं १५२/९८. मी म्हटलं आत्ताच पोते उतरवून आलो म्हणून असन. मंग पीएचसीत दोनदा मोजलं, तरी १४८/१०० च्या आसपासच. यवतमाळले जाऊन ईसीजी अन् टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला. ईसीजी नॉर्मल. इकोवर लिहून आहे ईएफ ६२ टक्के, भिंत ११ मिमी, व्हॉल्व चांगले, अन् सगळ्यात खाली बारीक अक्षरात ग्रेड १ डायस्टोलिक डिसफंक्शन. डॉक्टर म्हणे पंपिंग एकदम मस्त आहे, अन् लगेच टेल्मिसार्टन ४० लिहून देल्ली, रोज एक. आता पंपिंग मस्त आहे तं गोळी काऊन? मले ना दम लागत, ना छातीत दुखत, ना डोकं दुखत. ३४ व्या वर्षी गोळी सुरू केली तं मंग जन्मभर गोळीच खात राहा लागन ना. कोणाले अनुभव असन तं सांगा.

तर्री_पोहे
भौ टेन्शन नको घेऊ. आमच्या मोठ्या बाबाचं १७० राह्यते, वीस वर्षं झाले, अजून बैलबंडी हाकते. ह्या मशिनीच खराब असतात.

वणीचा_मास्तर
तर्री भाऊ, तुमचे मोठे बाबा ठणठणीत आहेत याचा आनंद आहे, पण जे गेले ते इथं लिहायला येत नाहीत ना. गडचिरोलीत सर्च संस्थेनं ८६ गावांत प्रत्येक मृत्यूचं कारण घरोघरी जाऊन शोधलं होतं, २०१५ साली ते प्रसिद्ध झालं. सगळ्यात जास्त मृत्यू कशानं तर लकव्यानं, म्हणजे स्ट्रोकनं, सातातला एक. मलेरिया नाही, साप नाही. आपल्याला वाटते बीपी हा शहरातल्या खुर्चीवाल्यांचा रोग. नांगर धरणाऱ्यालाही होते, फक्त त्याचं कोणी मोजत नाही.

पण धुऱ्यावरचे भाऊचा प्रश्न मलाही पडला, पंपिंग नॉर्मल असेल तर हृदयाला काही झालं आहे का नाही झालं? डॉक्टरसाहेब आहेत का इथं?

आर्वीकर_फिजिशियन
आहे मास्तर, ओपीडी संपली की निवांत लिहितो.

आर्वीकर_फिजिशियन
हं, आता लिहितो. लांब होईल, चहा घेऊन बसा.

सगळा घोळ त्या ईएफच्या आकड्यानं होतो. डावा खालचा कप्पा पूर्ण भरल्यावर त्यात जितकं रक्त असतं त्यातलं किती टक्के एका ठोक्यात बाहेर गेलं, एवढंच तो आकडा सांगतो. १०० मिलीतले ६० गेले तरी ६० टक्के आणि ८० मिलीतले ४८ गेले तरी ६० टक्केच. म्हणजे भिंत जाड होऊन कप्पा आतून लहान झाला, ठोक्यागणिक रक्त कमी जायला लागलं, तरी टक्केवारी जागची हलत नाही. आणि कप्पा भरतो कसा, किती जोर लावून भरतो, याबद्दल ईएफ एक अक्षर बोलत नाही. बीपीचा पहिला मार मात्र नेमका भरण्यावरच बसतो.

स्नायू आकसायला ताकद लागते हे सगळ्यांना पटतं. सैल व्हायलाही लागते. आकसताना स्नायूच्या पेशीत कॅल्शियम सुटतं, आणि सैल व्हायचं तर ते कॅल्शियम पुन्हा आत कोठारात ओढून घ्यावं लागतं, त्यासाठी ऊर्जा जाळावी लागते. सतत जास्त दाबाविरुद्ध काम करणाऱ्या हृदयात हे ओढून घेणं मंद पडतं, मग ठोका संपला तरी स्नायू पूर्ण सैल व्हायला उशीर लावतो. इकोच्या डॉपलरवर दोन लाटा दिसतात, ई आणि ए. व्हॉल्व उघडल्याबरोबर रक्त आपसूक आत येतं ती ई, आणि शेवटी वरचा कप्पा जोर लावून उरलेलं ढकलतो ती ए. चौतिशीच्या माणसात ई मोठी असायला पाहिजे. भाऊंच्या रिपोर्टमध्ये ती लहान आणि ए मोठी झाली असणार, त्यालाच ग्रेड १ म्हणतात. म्हणजे खालचा कप्पा आपणहून नीट भरत नाही, वरच्याला जास्त काम पडतं.

हे किती महत्त्वाचं ते वयावर ठरतं. पासष्टीच्या माणसाला ग्रेड १ आलं तर मी सहसा फार बोलत नाही, वयानं तसं होतंच. चौतिशीत, बीपी १५० असताना, भिंत ११ मिमी असताना (पुरुषात १० पर्यंत नॉर्मल) आलं तर त्याकडे बघायलाच पाहिजे. हेही सांगतो की त्या दिवशी तुमची नाडी जोरात चालत असेल किंवा अंगात पाणी कमी असेल तरी या लाटा बदलतात, म्हणून चांगला इको करणारा स्नायूचा स्वतःचा वेगही मोजतो, त्याला टिश्यू डॉपलर म्हणतात, आणि डावा वरचा कप्पा मोठा झाला का ते बघतो. तुमच्या रिपोर्टमध्ये ई प्राइम (स्नायूचा तो वेग) आणि एलए (डावा वरचा कप्पा) असं काही लिहिलं असेल तर इथं टाका.

आता दुसरी गोष्ट, आणि ही मला स्वतःला फार आवडते. भिंतीत सगळे तंतू एका दिशेनं नसतात. सगळ्यात आतल्या थरात ते उभे, तिरपे. मधल्या थरात आडवे वेढे घातलेले. बाहेरच्या थरात पुन्हा तिरपे, पण उलट्या दिशेनं. आतले तंतू हृदयाला उंचीत आखूड करतात, मधले आवळतात, आणि सगळे मिळून पिळा मारतात, ओला टॉवेल पिळतो तसा. सर्वात आतल्या थरावर दाब सगळ्यात जास्त, आणि हृदयाच्या स्नायूला रक्त मुख्यतः तो सैल असतानाच मिळतं. सैल व्हायलाच उशीर होत असेल तर आतल्या थराचे हाल आधी. म्हणून सुरुवातीच्या बीपीत उभं आखूड होणं कमी होतं, आणि आडवे तंतू व पिळा ती तूट भरून काढतात. पिळा कधीकधी नेहमीपेक्षा वाढलेलाही सापडतो. बाहेरून बघणाऱ्याला ईएफ ६२ दिसतो, आत वाटणी बदललेली असते. हे मोजायची पद्धत आहे, तिला स्ट्रेन म्हणतात, जीएलएस. तो आकडा उणे असतो, साधारण उणे २० च्या आसपास चांगला. उणे १६ वर आला तर ईएफ नॉर्मल असूनही स्नायू थकला आहे असं समजा. तालुक्याच्या मशीनवर बहुतेक होत नाही, नागपूर, सावंगी, सेवाग्रामच्या मोठ्या दवाखान्यांत विचारून बघता येईल. पण भाऊ, तुमच्या गोळीचा निर्णय स्ट्रेनवर अडलेला नाही, त्यासाठी खास गाडी करून जायची गरज नाही.

धुऱ्यावरचा
डॉक्टरसाहेब बम छान सांगतलं. रिपोर्टवर ई प्राइम ७ लिहून आहे अन् एलए ३९ मिमी. पण मले एक सांगा, एवढं सगळं आत होऊन राह्यलं तं मले काहीच काऊन समजत नाई? काल दिवसभर तुरीवर पाठीवर पंप घेऊन फवारणी केली.

आर्वीकर_फिजिशियन
७ हे तुमच्या वयाला कमी आहे, १० च्या वर अपेक्षित. एलए ३९, म्हणजे वरच्या हद्दीला टेकलेलं. त्रास जाणवत नाही कारण हृदयाकडे राखीव ताकद भरपूर असते आणि वरचा कप्पा तूट भरतो आहे. पुढे काय होतं तर नाडी वाढली की भरायला वेळ कमी मिळतो, मग आधी फक्त चढावर, जिन्यावर दम लागतो, बसल्या जागी काही नाही. माणूस म्हणतो वय झालं, वजन वाढलं. वरचा कप्पा वर्षानुवर्षं ढकलून ताणला जातो, मग त्याची लय बिघडते, एट्रियल फिब्रिलेशन, त्यात गुठळी होऊन मेंदूत गेली की मास्तरांनी सांगितला तो लकवा. आणि ईएफ नॉर्मल असूनही हार्ट फेल्युअर होतं, फुफ्फुसात पाणी भरतं. असे पेशंट मी महिन्यागणिक बघतो आणि नातेवाईक दरवेळी तोच जुना रिपोर्ट दाखवतात, साहेब पंपिंग तर ६० टक्के आहे ना.

बैलजोडी_यवतमाळ
मी काही डॉक्टर नाही पण मले हे असं समजलं पाहा. जू रोज ज्या बैलाच्या खांद्यावर राह्यते त्याचं खांद जाड होते, टणक होते. गावातले म्हणते वा, काय खांद आहे, बैल तयार झाला. पण हात लावून पाहा तं चामडं निबर होऊन गेलं राह्यते, लवचिक नाई राहत. म्हणून तं पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण लोणी-हळद लावून खांद शेकतो. बीपीवाल्या हृदयाचं तसंच का साहेब? जाड झालं म्हणजे ताकदवान नाई?

आर्वीकर_फिजिशियन
बैलजोडी भाऊ, जाडपणाबद्दल बरोबर. भिंतीवरचा ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडी. दाब वाढला की हृदय जाडी वाढवून ताण कमी करतं, हिशोबानं ते शहाणपणाचंच आहे. पण जाडी दोन गोष्टींनी वाढते, स्नायूच्या पेशी फुगतात आणि पेशींच्या मधे कोलॅजनचे धागे साठतात, म्हणजे तुम्ही म्हणता ते निबर होणं. पेशी फुगलेल्या असतील तर दाब उतरल्यावर बऱ्याच मागे येतात. कोलॅजन एकदा दाट साचलं की सहज निघत नाही. म्हणून तर चौतिशीत गोळी. अँजिओटेन्सिन आणि अल्डोस्टेरॉन ही शरीरातली रसायनं नुसता दाब वाढवत नाहीत, हे धागे साठवायलाही हातभार लावतात, आणि टेल्मिसार्टन अँजिओटेन्सिनला अडवते. तिच्याच जातीच्या लोसार्टनवर लाइफ नावाचा मोठा अभ्यास २००२ साली आला होता, हृदय आधीच जाड झालेल्या बीपीच्या पेशंटवर. एका गटाला लोसार्टन, दुसऱ्याला एटेनोलॉल ही बीपीचीच दुसरी गोळी. बीपी दोन्ही गटांत जवळपास सारखंच उतरलं, पण लोसार्टनच्या गटात जाडी एटेनोलॉलपेक्षा जास्त कमी झाली आणि स्ट्रोकही कमी झाले.

आणि तरुणपणीच्या बीपीचं काय, तर अमेरिकेत कार्डिया म्हणून अभ्यास आहे, १९८५-८६ ला १८ ते ३० वयाची पाच हजारांवर पोरंपोरी घेतली आणि वर्षानुवर्षं बीपी मोजत राहिले. २५ वर्षांनी इको केले तर ज्यांच्या अंगावर तरुणपणापासून बीपीचा जास्त बोजा साचला होता त्यांचं सैल होणंही खराब आणि उभं आखूड होणंही कमी. तेव्हा ते लोक पन्नाशीच्या आसपासच होते.

तर्री_पोहे
बाप्पा! मंग मोठ्या बाबाले घेऊनच जातो उद्या.

कळंबची_सिस्टर
सगळ्यांनी वाचलं ते ठीक, पण मोजायचं कसं ते कोणी बोलूनच नाही राहिलं, आणि अर्धा घोळ तिथं असते. मी रोज पाहते, माणूस गाडीवरून उतरला, तोंडात खर्रा, बाही वर सरकवून कोपराच्या वर आवळलेली, खुर्चीवर टेकला नाही टेकला की म्हणते सिस्टर लवकर मोजा बस निघून जाईन. असं मोजलेलं काय कामाचं. पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, बोलायचं नाही, अर्धा तास आधी चहा, बिडी, खर्रा काही नाही, लघवी लागली असेल तर आधी जाऊन यायचं. दोनदा मोजायचं मधे मिनिटभर थांबून. दंड जाड असेल तर मोठा पट्टा, लहान पट्ट्यानं उगाच जास्त दाखवते. घरी मशीन घेतलं तर दंडाचंच घ्या, मनगटाचं नको, आणि घरी १३५/८५ च्या वर म्हणजे वाढलेलं समजा, दवाखान्यातल्या १४०/९० सारखं ते.

खर्र्याबद्दल रागावू नका कोणी. सुपारी, तंबाखू, चुना घोटून पन्नीत बांधून दिवसभर गालात ठेवतात, तेवढा वेळ निकोटीन नाडी आणि बीपी वर ठेवते. एक संपला की दुसरा. धुऱ्यावरचे दादा, तुम्ही नाही लिहिलं, पण खाता का?

आणि दुसरं म्हणजे डायक्लोफेनॅक. कंबर दुखली, घे गोळी, निंदणाच्या दिवसात तर बाया मूठ मूठ घेऊन जातात दुकानातून. त्यानं शरीरात मीठपाणी धरून राहते, बीपी वाढते, बीपीच्या गोळीचा असरही कमी होते, किडनीलाही वाईट. काही ठिकाणी ताकदीचं म्हणून जे इंजेक्शन देतात त्यात स्टेरॉइड असते, त्यानंही वाढते.

धुऱ्यावरचा
ताई, खातो. दिवसाले चार-पाच होतात. दुकानावर बसलं की कोणी ना कोणी घेऊनच येते.

कळंबची_सिस्टर
मला वाटलंच.

पोलीस_भरती_चंद्रपूर
डॉक्टर साहेब मी रोज १६०० मीटर मारतो आणि जिम पण करतो, मागे मेडिकलच्या वेळी इको केला होता त्यात भिंत ११ आली, बीपी ११८/७६. मलाही बीपीवालं जाड हृदय आहे का? मी तर घाबरलो वाचून

आर्वीकर_फिजिशियन
घाबरू नका. व्यायामानं जाड झालेल्या हृदयात कप्पाही मोठा होतो आणि सैल होणं उत्तम राहतं, ई लाट मोठी, ई प्राइम चांगलं. बीपीनं जाड झालेल्यात कप्पा तेवढाच किंवा लहान आणि सैल होणं बिघडलेलं. व्यायामाचा ताण तासाभराचा असतो, बीपीचा चोवीस तासांचा. घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल किंवा पळताना चक्कर येऊन पडला असाल तर मात्र रिपोर्ट घेऊन हृदयाच्या डॉक्टरला दाखवा, तो वेगळा विषय आहे. आणि जिमवाला जी पावडर, इंजेक्शनं देतो ती नकोत.

अर्जुनसाल_प्रेमी
अर्जुनाच्या सालीचा काढा घ्या, सगळं बरोबर होते, ह्या गोळ्या एकदा धरल्या की सुटत नाहीत, कंपन्यांचं जाळं आहे सगळं.

आर्वीकर_फिजिशियन
काढा प्यायचा असेल तर तुमचा प्रश्न, पण त्याच्या भरवशावर गोळी बंद करू नका आणि दोन्ही घेत असाल तर डॉक्टरला सांगा. गोळी सुटत नाही असं म्हणतात, खरं तर बीपी सुटत नाही. वजन, मीठ, खर्रा, दारू यांवर ज्यांनी खरंच काम केलं त्यांच्या गोळ्या मी कमी केल्यात, काहींच्या बंदही. मोजून, हळूहळू. आपल्या मनानं नाही.

एक राहिलं. ३४ व्या वर्षी बीपी म्हणजे त्यामागे दुसरं काही आहे का हे एकदा बघावं लागतं. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी), पोटॅशियम, लघवीतलं अल्ब्युमिन, शुगर, थायरॉइड. पायाचं बीपी हातापेक्षा कमी आहे का. रात्री फार घोरता का, झोपेत श्वास अडकतो का हे घरच्यांना विचारा. टेल्मिसार्टन सुरू केल्यावर दोन-चार आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पुन्हा करायचं. ईसीजी नॉर्मल आला म्हणून जाडी नाही असं समजू नका, ईसीजीत ती बरेचदा सुटते.

राळेगावची_लेक
मी बाजूचंच विचारते, चालेल ना? मला दुसऱ्या बाळाच्या वेळी सातव्या महिन्यात बीपी वाढलं होतं, पायावर सूज, लवकर सिझर केलं. नंतर उतरलं म्हणून गोळी बंद केली. आता बाळ तीन वर्षांचं. मला पण असं होऊ शकते का

आर्वीकर_फिजिशियन
ताई, चांगलं विचारलंत, चालेल काय. गरोदरपणात बीपी वाढलेल्या बाईला पुढे बीपी आणि हृदयाचा त्रास व्हायचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, उतरलं तरी. त्यामुळे तुम्ही वर्षातून एकदा तरी बीपी, शुगर आणि लघवी तपासून घ्याच, वयाची तिशी गाठायची वाट पाहू नका. पुन्हा बाळाचा विचार असेल तर आधी दाखवा. आणि धुऱ्यावरचे भाऊ घेणार ती टेल्मिसार्टन गरोदर बाईला अजिबात चालत नाही, घरात एकमेकांच्या गोळ्या घेतात म्हणून सांगून ठेवतो.

वणीचा_मास्तर
गोळीच्या खर्चाचं सांगतो, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे देशाच्या बीपी नियंत्रण कार्यक्रमात पहिल्या टप्प्यातच होते, तिथल्या उपकेंद्रावर महिन्याभराच्या गोळ्या एकदम मिळतात हे मी स्वतः पाहिलं. तुमच्याकडेही उपकेंद्रावरच्या सीएचओला (आरोग्य अधिकाऱ्याला) विचारा. आरोग्य विभागाच्या सरकारी दवाखान्यात ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरही फुकट आहे.

धुऱ्यावरचा
गोळी सुरू केली मंडळी. अजून १३८/८८ येऊन राह्यलं घरच्या मशिनीवर. खर्रा दोनवर आणला, तेही भारीच जाऊन राह्यलं. बायकोनं लोणचं अन् सांडगी मिरची वरच्या फळीवर ठेवली. दुकानात कमी सोडियमवालं मीठ आलं आहे, बहीण-जावई म्हणे तेच वापरा, बीपीले चांगलं. घेऊ का?

आर्वीकर_फिजिशियन
थांबा. त्या मिठात सोडियमच्या जागी काही भाग पोटॅशियम असतं. चीनच्या खेड्यांत मोठा अभ्यास झाला, २०२१ ला आला, ७५ टक्के साधं आणि २५ टक्के पोटॅशियमवालं मीठ वापरून स्ट्रोक कमी झाले, म्हणजे वस्तू वाईट नाही. पण टेल्मिसार्टननंही पोटॅशियम वाढतं आणि किडनी कमजोर असेल तर ते धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. क्रिएटिनिन, पोटॅशियमचा रिपोर्ट आला का तुमचा? तो इथं टाकू नका, तुमच्या डॉक्टरला दाखवा आणि मग विचारा. तोवर साधंच मीठ, पण कमी. माणशी दिवसाला ५ ग्रॅम म्हणजे सपाट एक छोटा चमचा, त्यात पापड-कुरड्याही आल्या.

कळंबची_सिस्टर
आणि उन्हाळ्यात ४५ डिग्रीत वावरात गेलात, घाम गेला, जुलाब झाले, उठताना डोळ्यापुढं अंधारी आली तर बीपी मोजा आणि त्याच दिवशी फोन करा, गोळीचा डोस पाहावा लागते. आमच्याकडे मे महिन्यात असे येतातच.

धुऱ्यावरचा
हाव ताई. रक्ताचा रिपोर्ट सोमवारी भेटते. खर्रा एकावर आला की सांगतो.

तर्री_पोहे
मोठ्या बाबाचं १८६/१०४ निघालं. इकोले लिहून देल्लं. म्हाताऱ्याले बसवून आणतो यवतमाळले, कोणता दिवस बरा राह्यते तिथं, गर्दी कधी कमी असते?